काका, त्या दिवशी तुम्ही पंखा बंद केलात

काका, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाहीये, तुम्हीच म्हणाला होतात नाव-बिव लिहू नकोस म्हणून, पण न लिहिता राहवत नाहीये. अनंत चतुर्दशीला लालबागपासून वाजवत निघालो ते दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घरी आलो, ओठ सुजलेत, पाय दुखतायत, आणि क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवताना आधी तुम्हीच आठवलात.

बारा वर्षं बँडमध्ये वाजवतोय मी. जून लागला आणि माझा सूर गेला. वरचे सूर कसेबसे निघायचे पण खाली उतरलो की नुसती हवा, फुसफुस, आणि जोर लावला की सूर चिरकायचा. दोन लग्नांत सगळ्यांसमोर असं झालं. मास्तर रागावले नाहीत, पण म्हणाले, यंदा गणपतीत तू झांज धर. ते ऐकल्यावर रात्रभर झोप नव्हती काका, घरी कुणाला बोललोसुद्धा नाही.

तुमच्याकडे क्लॅरिनेट दुरुस्तीला आणायच्या आधी मी वाद्यांच्या तीन दुकानांत गेलो होतो. एकाने फोन कानाला लावून बोलता बोलताच माझे चार सूर ऐकले आणि माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, बदल म्हणाला, व्हँडोरेन कंपनीचा बी ४५ गळ्यात मारला, माझा अर्धा पगार गेला. महिन्याभराने त्याच्याचकडे परत गेलो तर म्हणे पत्ती (माउथपीसवर बांधायची, फुंकल्यावर थरथरणारी पट्टी) पातळ आहे, साडेतीन नंबर घे; नंबर मोठा तशी पत्ती कडक. दुसऱ्याने वाद्य हातातही न घेता सांगितलं, विकून टाक आणि नवीन घे. तिसरा तर म्हणाला तुझ्या दमातच जोर नाही, आणि हे त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मी मान खाली घालून बाहेर पडलो. त्या तिघांपैकी एकानेही मला पूर्ण एक मिनिट वाजवू दिलं नाही.

आणि मग तुमचा तो माळा. ऑगस्टचा दमट उकाडा, खाली हातगाड्यांचा आरडाओरडा, तुमच्या डोक्यावर जुना पंखा खडखडत होता. मी क्लॅरिनेट जोडलं, तोंडाला लावणार तेवढ्यात तुम्ही हात वर केलात, उठलात आणि पंखा बंद केलात. खिडकीची झडपही ओढून घेतलीत. मग समोर स्टुलावर बसून डोळे मिटलेत आणि म्हणालात, "हं, एकच सूर धर, घाई नाही." तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता, सदरा पाठीला चिकटला होता, पण तुम्ही हललात नाही. मी एक सूर धरला, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. कितीतरी वेळ तुम्ही नुसतं ऐकत होतात. खरं सांगतो, मला तिथेच रडू येईल असं वाटलं, कारण तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं वाजवणं ऐकत होतं.

डोळे उघडल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "दम चांगला आहे बाळा तुझा, वाद्य गळतंय." वरचा तुकडा काढून घेतलात, सगळी भोकं बोटांनी बंद केलीत, खालचं तोंड तळव्याने दाबलंत आणि हवा ओढलीत. ती धरून राहायला हवी होती, पण लगेच सुटली. मग सिगारेटच्या कागदाची एक बारीक पट्टी कापून माझ्या हातात दिलीत. पॅडखाली, म्हणजे चावीच्या खाली भोक झाकणाऱ्या गादीखाली घाल, चावी हलकेच दाब, आता ओढ. मागच्या बाजूला कागद अडत होता आणि पुढच्या बाजूला लोण्यातून निघावा तसा निघून येत होता! म्हणजे पॅड जाड बसलेलं, बिजागरीकडे आधी टेकायचं आणि पुढे फट राहायची. वरच्या पातळ कातडीला चीर पडली होती आणि आतला नमदा पावसाळ्याच्या ओलाव्याने फुगला होता.

माझ्यासारखं वाजवणाऱ्या बाकीच्यांनी हे वाचावं म्हणून पुढचं लिहितोय. खालचा सूर वाजवायचा तर वरची सगळी भोकं बंद लागतात, त्यामुळे वर कुठे एक पॅड जरी गळत असलं तरी त्याच्या खालचे सगळे सूर बिघडतात. आपल्याला वाटतं पत्ती कमजोर आहे, म्हणून जाड पत्ती घेतो, मग फुंकायला जड जातं म्हणून ओठ आवळतो, आणि सूर अजूनच चिरकतो. मी नेमका हेच करत होतो. बी ४५ चं तोंड म्हणजे टोकाची फट १.१९५ मिलिमीटर, उघडं तोंड आहे, त्यावर साडेतीनची पत्ती मला झेपणारी नव्हतीच. माउथपीस तुम्ही वाईट नाही म्हणालात. साध्या निळ्या डब्यातली अडीच नंबर लाव, म्हणालात, आणि चार पत्त्या आलटून पालटून वापर, वाजवून झालं की पुसून सपाट ठेव, नाहीतर मुंबईच्या हवेत पत्तीचं टोक लाटेसारखं वाकतं. चार पत्त्यांवर मी एक ते चार आकडे घातलेत, त्याच क्रमाने वापरतो.

स्पिरिटच्या दिव्यावर चावीची वाटी गरम करून, लाख वितळवून तुम्ही पॅड बसवत होतात आणि बोलत होतात. १८१२ च्या सुमाराला इवान म्युलर नावाच्या माणसाने आत भरण घातलेली चामड्याची पॅडं क्लॅरिनेटला बसवली, भोकं नीट बंद व्हायला लागली म्हणून तो १३ चाव्या लावू शकला, त्याआधी चाव्या वाढवल्या की गळती वाढायची. दोनशे वर्षांपूर्वी माणसं याच फटीशी झगडत होती हे ऐकून मला फार बरं वाटलं. वरच्या बारीक भोकांवर तुम्ही कॉर्कची पॅडं घातलीत, ओलाव्याने फुगत नाहीत म्हणून.

नंतर तोच खालचा सूर वाजवला. गोल, भरलेला, नाभीतून आल्यासारखा. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त उठून पंखा लावलात.

चांगली माणसं अजून आहेत हो या शहरात. गर्दीच्या गाडीत आपली पिशवी मांडीवर घेणारी बाई असते, पावसात दुकानाच्या पत्र्याखाली पेटीसकट उभं राहू देणारा वाणी असतो. कुणी मोठं काही करत नाही, आपल्याला दोन मिनिटं देतात. त्या तीन दुकानांत काचेच्या कपाटात महागडी वाद्यं होती, तुमच्या माळ्यावर तर नीट उभंही राहता येत नाही.

यंदा झांज दुसऱ्याने धरली. चिंचपोकळीच्या पुलाजवळ गर्दी थांबली होती, मास्तरांनी मला पुढे बोलावलं आणि खालून सुरुवात करायला लावली. सुरू करायच्या आधी मी डोळे मिटले, तुमच्यासारखे.

रजिस्टर कीचा, म्हणजे वरच्या सुरांसाठी दाबायच्या चावीचा, कॉर्क बघायला तुम्ही दिवाळीनंतर बोलावलंय. येतो. आई लाडू देणार आहे, त्या दिवशी पॅडांचेही पैसे पूर्ण घेतले नाहीत तुम्ही, त्यामुळे लाडवांना नाही म्हणू नका.

तुमचा,
परळचा क्लॅरिनेटवाला