इंग्रजीचे डिजिटल साहित्य घेण्याआधी: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री,
स. न. वि. वि.

सहावी ते आठवीच्या इंग्रजीसाठी संवादी मल्टिमीडिया (मुलाच्या उत्तराला प्रतिसाद देणारे चित्र-आवाज-व्हिडिओचे साहित्य) घेताना पडद्याचे इंच, रॅम आणि व्हिडिओंचे तास बारकाईने पाहिले जातात. मुलाचे उत्तर चुकले की पडद्यावर काय व्हावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आमच्या मते पैसा वसूल होतो तो तिथे, आणि बुडतो तोही तिथेच.

एक साधा सराव घ्या. 'शिप' (जहाज) ऐकू आले की 'शीप' (मेंढी) हे ओळखून त्या चित्रावर बोट ठेवायचे. 'दिन' आणि 'दीन' आपण बोलताना सारखेच म्हणतो, त्यामुळे मराठी कानाला हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. पर्याय दोनच, म्हणजे डोळे मिटून दाबले तरी निम्मी उत्तरे बरोबर! लाल फुली आली की दुसरे चित्र दाबायचे, हिरवी खूण मिळते, सराव संपतो. कान होता तिथेच. नीट बांधलेला सराव चुकीनंतर दोन्ही शब्द लागोपाठ ऐकवतो, चित्रांच्या जागा बदलतो आणि पाच-सहा प्रश्नांनंतर तोच भेद नव्या जोडीतून, वेगळ्या आवाजात पुन्हा विचारतो. एचफाइव्हपी या संवादी पाठ तयार करण्याच्या मुक्त साधनातही उत्तर चुकल्यास व्हिडिओ हव्या त्या सेकंदाला मागे नेता येतो.

व्हिडिओ तीन मिनिटांचा पुरे. आधी आवाज बंद ठेवून अंदाज, मग आवाजासह, तिसऱ्यांदा इंग्रजी अक्षरांसह. खाली मराठी अक्षरे दिली की मुले वाचतात, ऐकत नाहीत. उरलेल्या तासात पडदा बंद आणि त्याच प्रसंगावर जोडीजोडीने बोलणे. हा भाग वेळापत्रकात लिहूनच द्यावा, कारण घाईत कात्री यालाच लागते.

उच्चाराला आपोआप गुण देणाऱ्या सोयीपासून मात्र सावध राहा. बरीचशी उच्चार-ओळख मोठ्यांच्या आवाजावर घडवलेली असते. मुलांचा बारीक आवाज आणि वर्गातला गलका यांत ती चुकते, आणि बरोबर बोललेल्या मुलालाही नापास करते. मुलाने स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून नमुन्याशेजारी ऐकावा, एवढी सोय पुरेशी आहे.

एका यंत्रावर दोन मुले असतील तर हेडफोन दोन आणि त्यांना जोडणारा स्प्लिटर हवा. नाहीतर माउस एकाच्या हातात राहतो आणि दुसरा नुसता बघतो. दर पाच मिनिटांनी हात बदला. एक एमबीपीएसचा (सेकंदाला एक मेगाबिट माहिती लागणारा) व्हिडिओ वीस यंत्रांवर एकदम चालवला की वीस एमबीपीएस लागतात. म्हणून साहित्य शाळेतल्याच सर्व्हरवर ठेवा.

खरेदीवर सही करण्याआधी एक करा. इंटरनेट काढून घ्या, सातवीच्या दोन मुलांना समोर बसवा, दहा प्रश्नांची उत्तरे मुद्दाम चुकवायला सांगा आणि दर वेळी पडद्यावर काय येते ते स्वतः पाहा.

आपले,
इंग्रजीचे अध्यापक आणि अध्ययनसाहित्य घडवणारे