जमा झालेल्या जुन्या सराव-रायफली गंजू देऊ नयेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेतली जातात. त्यांत येणाऱ्या जुन्या लष्करी सराव-रायफलींची कोकणच्या हवेत काय दशा होते, याकडे आपल्या दैनिकातून प्रशासनाचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक आहे. रायफल क्लबचा सदस्य या नात्याने रीतसर परवान्यावर घेतलेली पॉइंट टू-टू बोअरची (म्हणजे नळीचे छिद्र सुमारे 0.22 इंच असलेली) ‘नंबर 2’ ही प्रशिक्षण रायफल माझ्याकडे अनेक वर्षे आहे. एनसीसीत जुन्या काळी चांदमारी केलेल्या कोणालाही ती पाहताक्षणी ओळखता येईल. बाहेरून ती थेट पॉइंट थ्री-नॉट-थ्री ली-एन्फिल्ड, म्हणजे ब्रिटिश काळातली लष्करी रायफलच दिसते, कारण मुळात ती तीच आहे. फक्त नळी बारीक बोअरची केलेली असून, काडतुसाच्या मध्यावर नव्हे तर कडेवर आघात व्हावा अशा बेताने बोल्टचे, म्हणजे काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणाऱ्या दांड्याचे, डोके बदललेले आहे. शिकाऊ सैनिकाला खऱ्या रायफलीचेच सुमारे चार किलोचे वजन पेलण्याची, तोच बोल्ट मागेपुढे करण्याची आणि नेम धरायची तीच माशी जुळवण्याची सवय व्हावी, मात्र काडतूस स्वस्त पडावे आणि 25 मीटरच्या जागेत काम भागावे, असा त्यामागचा विचार होता. थ्री-नॉट-थ्रीची गोळी 11 ग्रॅमहून थोडी जड, तर हिची जेमतेम अडीच ग्रॅमची. मॅगझीनचा डबा जागेवर असतो, पण त्यात काडतुसे भरायची नसतात; एकेक काडतूस हाताने घालायचे आणि रिकामी पुंगळी त्या डब्यात पडू द्यायची. इतक्या साध्या युक्तीने पिढ्यानपिढ्या नेमबाज घडले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

2024 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी ही रायफल मी नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. परत मिळाली तेव्हा मृगाचा पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. गोणपाटात गुंडाळून ती भिंतीलगत फरशीवर उभी केलेली होती आणि गोणपाटाचा खालचा भाग हाताला ओला लागत होता. बोल्ट ओढायला जोर लावावा लागला. नळी उजेडाकडे धरून पाहिली, तर तोंडापासून चार बोटांवर तांबूस कडे दिसले. नळी साफ करायचा गज, तेल आणि चिंध्या घेऊन तीन संध्याकाळी खपल्यावर गंज निघाला, परंतु त्याखालचे खड्डे तसेच राहिले. पूर्वी 25 मीटरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसणारे पाच बार आता लहान वाटीएवढ्या जागेत विखुरतात. ठाण्यातील कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. घरीही अनेक जण मायेने खोबरेल लावून बंदूक ठेवतात. ते गारठ्यात थिजते, पुढे चिकट होते आणि धूळ धरते. बंदुकीचे तेलच हलक्या हाताने लावावे आणि रायफल थोडा वेळ तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जादा तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाराही खारा असतो, तिथे जमा शस्त्रे फरशीपासून वर, लाकडी घोडीवर ठेवावीत आणि महिन्यातून एकदा, पोलिसांच्या देखरेखीखाली, मालकाला ती पुसून तेल लावू द्यावे, एवढीच माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती कायमच्या जमा होणाऱ्या रायफलींबाबत आहे. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा ठासणीची बंदूक आणि काडतुसाची बंदूक शेतीसाठी ठेवून वाडवडिलांची टू-टू देऊन टाकणारी घरे माझ्या माहितीत आहेत. वस्तुतः मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने नेमबाजीच्या सरावासाठी वापरायच्या टू-टू रायफलीला ही मर्यादा लागू होत नाही, हे शस्त्र अधिनियमाच्या कलम 3 मध्येच लिहिलेले आहे. रायफल स्वीकारताना मालकाला एवढे सांगितले, तरी काही चांगल्या रायफली वाचतील. घाटापलीकडच्या राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच पॉइंट टू-टू बोअरवर. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना हाती धरायला निदान जुनी रायफल तरी उरावी. ज्यांवर ‘डीपी’ असा ठसा आहे, त्या मात्र केवळ कवायतीच्या असतात आणि त्यांतून गोळी कधीही झाडू नये. दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही अशा पुराणवस्तूसारख्या हत्यारांना त्याच अधिनियमाच्या कलम 45 मध्ये सवलत आहे. ती भंगारात तोडण्याआधी जाणकाराला दाखवावीत आणि शक्य असल्यास जिल्ह्यातल्या संग्रहालयाकडे द्यावीत.

माझ्या तालुक्यातील ठाण्याने परवानगी दिल्यास तेल, गज आणि चिंध्या घेऊन मी स्वखर्चाने येईन आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना साफसफाई करून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी