खेळाडू पोरांना काय शिकवायचं असतं?

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "फुकट शिक्षण, फुकट जेवण, वर एवढं मोठं मैदान. तिथल्या कॉलेजच्या खेळाडू पोरांना तू आणखी काय शिकवतेस?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. आणि फुकट सगळ्यांना नसतं हं, बऱ्याच जणांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळतच नाही.

इथे अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिच्या नियमाने हंगामात आठवड्याला २० तासच सराव आणि एक दिवस सुट्टी. पण सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा धरतात. प्रवास आणि फिजिओकडचा वेळ तर मोजतच नाहीत. मग मध्यरात्री बसमधून उतरलेलं पोर सकाळी आठच्या तासाला पेंगतं.

शाळेपासून यांचा दिवस कोचने आखलेला. विशीतल्या मुलाला भात लावता येत नाही, घरभाड्याचा करार वाचता येत नाही. जुलै २०२१पासून जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, पण त्यावर कर भरावा लागतो हे कित्येकांना माझ्यासमोर बसल्यावर कळतं.

हे तरी सोपं. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेली पोरगी येते आणि "मी बरी आहे" म्हणते, तिथे माझा कस लागतो. आठ-नऊ महिने खेळ बंद, आणि लहानपणापासून सगळे तिला बास्केटबॉलवाली म्हणूनच ओळखतात. मी उपदेश करत नाही. झोप, जेवण विचारते, समुपदेशकाची वेळ घेऊन देते, संघाबाहेरची एक तरी मैत्रीण जोडायला लावते. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स फायनल सोडून बाहेर पडली तेव्हा तुम्ही "नाटकं" म्हणाला होतात. तीच २०२४ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं घेऊन गेली, बाबा!

आणि एनसीएएच्याच आकड्यांप्रमाणे शंभरातले दोनसुद्धा पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. बाकीच्यांना नोकरी-संसारच करायचाय.

दादा चिनूला क्रीडा प्रबोधिनीत घालायचं म्हणतोय. जरूर घालू दे. फक्त आई, तो जायच्या आत त्याला कुकर लावायला आणि स्वतःचे कपडे धुवायला शिकव. बाबा, तुम्ही फोन केलात की आधी निकाल विचारू नका. जेवलास का, झोप झाली का, एवढंच विचारा. मेडलचं तो आपणहून सांगेल.

पत्र दादालाही वाचायला द्या.

तुमची,
माई