ओर्सेहून पळायला निघताना

प्रिय मुक्ता,

तू म्हणालीस की होस्टेलच्या व्यायामशाळेत ट्रेडमिलवर पळतेस आणि वीस मिनिटांत कंटाळतेस. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. पॅरिसमध्ये कोणी ट्रेडमिलवर पळत असेल तर मी समजून घेईन. पण तू पॅरिसबाहेर ओर्सेला आहेस! इव्हेत नदी तुझ्या विद्यापीठाच्या आवारातून वाहते, दोन्ही बाजूंना जंगल आहे. तिथल्या प्रयोगशाळेत होते तेव्हा मी त्या खोऱ्यात वर्षाचे बाराही महिने पळले आहे. तेव्हा आज जरा सविस्तर लिहिते.

आधी जमीन समजून घे. खाली नदी, समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर. वर साक्लेचं पठार, दीडशे-एकशेसाठ मीटरवर. मधल्या उतारावर ओक, चेस्टनट आणि हॉर्नबीमची झाडी. म्हणजे कुठूनही निघालीस तरी नव्वद-शंभर मीटरचा एक चढ मिळतो आणि वेताळ टेकडीवर तयार झालेल्या तुझ्या पायांना तो जड नाही. वर पोचलीस की एकदम शेतं आणि मोकळं आभाळ. पठारावर सतराव्या शतकात चौदाव्या लुईसाठी खोदलेले पाट आहेत. पठारावरचं पाणी गोळा करून व्हर्सायच्या कारंज्यांना पुरवायचं, असं ते काम होतं. त्या पाटांच्या कडेच्या वाटा अगदी सपाट आहेत. एका लयीत लांब पळायचं असेल त्या दिवशी तिथे जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे ट्रेकला गेल्यावर पहिली ताकीद काय मिळते? वाट चुकली तर ओढ्यात उतरायचं नाही, कारण सह्याद्रीतला ओढा कधी कड्यावर नेऊन सोडेल सांगता येत नाही. इव्हेतच्या खोऱ्यात नेमकं उलट आहे. तिथे कडे नाहीत. वाट चुकलीस की उताराला लाग, उतार तुला पाण्याकडे नेईल आणि नदीच्या शेजारून आरईआर बी ही उपनगरी रेल्वे चालते. ओर्से, ब्यूर, ला आकिनिएर, जीफ, कुर्सेल, सें-रेमी अशी स्टेशनं ओळीनं खोऱ्यात बसलेली आहेत. नकाशा न कळणाऱ्या माणसालाही घरी आणणारं जंगल आहे हे. म्हणून सुरुवात तिथूनच कर. पहिल्या रविवारी ट्रेननं सें-रेमीला जा आणि नदीच्या प्रवाहाबरोबर पळत घरी ये. दमलीस तर पुढच्या स्टेशनावर गाडीत बस, त्यात कमीपणा काही नाही.

वाटेत जीफला मेराँतेझ नावाचा ओढा इव्हेतला मिळतो. त्याच्या कडेनं वर शिरलीस तर खोरं अरुंद होत जातं, घरं मागे पडतात आणि एप्रिलमध्ये झाडांना पालवी फुटायच्या आत खाली निळ्या हायसिंथचा गालिचा पसरलेला दिसतो. दोन-तीन आठवडेच टिकतो तो. वर पानं दाट झाली की खाली ऊन पोचत नाही आणि फुलं संपतात. तेवढ्या दिवसांत तरी परीक्षेचं कारण सांगू नकोस, सकाळी एक तास काढ.

ब्यूरच्या बाजूला फोव्हेतचा पूल आहे, जुन्या रेल्वेचा दगडी कमानींचा. रेल्वे केव्हाच गेली. आता वरून पायवाट आहे आणि खाली कमानींवर लोक दोर लावून चढाईचा सराव करतात. ज्या भुऱ्या-तांबूस, भोकाभोकांच्या दगडाची घरं तुला गावागावांत दिसतात ना, तो मल्येर. याच पठाराच्या पोटातून निघतो, चिकणमातीत रुतलेला. आणि ही चिकणमातीच हिवाळ्यात पळणाऱ्याची परीक्षा बघते. नोव्हेंबर ते मार्च तिथल्या रानवाटांवर बुटांना किलोकिलोनं चिखल लागतो. त्यामुळे तळाशी खोल खाचा असलेलेच बूट घे, रस्त्यावरचे बूट तिथे सटासट घसरतात. सलग पाऊस लागला की नदीकाठची वाट सोडून उतारावरची धर. ही एवढीशी नदी दिसते, पण 2016 च्या मे अखेरीस तिनं काठच्या गावांत चांगलंच पाणी घातलं होतं.

सें-रेमीच्या वर खरं शेव्रझ खोरं सुरू होतं. 1985 पासून ते प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे. शेव्रझ गावात नदीचा एक फाटा घरांच्या मागून जातो, त्यावर ओळीनं छोटे छोटे पूल आणि जुने धोबीघाट आहेत. तिथे घड्याळ थांबव आणि चाल. गावाच्या डोक्यावर मादलेनचा किल्ला आहे. 1661 मध्ये तरुण रासीनला त्या किल्ल्याच्या दुरुस्तीवर देखरेखीसाठी पाठवलं होतं. तोच नाटककार रासीन. जवळच्या पोर-रोयाल मठातल्या शाळेत तो शिकला होता. किल्ला आणि मठाचे अवशेष यांना जोडणाऱ्या वाटेला आज त्याचंच नाव आहे. सहा-सात किलोमीटरची, झाडीतून शेतात आणि शेतातून झाडीत जाणारी ही वाट म्हणजे माझ्या मते त्या भागातली सगळ्यात पळण्याजोगी वाट. मठ चौदाव्या लुईनं पाडला. तिथे पोचल्यावर दोन मिनिटं शांत उभी राहा, मग परत फीर.

आणखी पुढे व्हो-द-सेर्ने. 1118 मध्ये स्थापन झालेला, पुढे सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथात गेलेला मठ आणि त्याच्याजवळ वालुकाश्माच्या मोठमोठ्या धोंड्यांमधून खळखळत उतरणारा ओढा. हा पल्ला लांबचा आहे, पाय तयार झाल्यावर उन्हाळ्यात कर. जूनमध्ये पॅरिसकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, प्रयोगशाळेतून सुटल्यावरसुद्धा भरपूर वेळ मिळतो. डिसेंबरात मात्र साडेआठनंतर उजाडतं आणि पाचच्या आधी सूर्य मावळतो. तेव्हा जंगलात दुपारीच.

खुणा शिकून घे. झाडावर किंवा दगडावर पांढरी आणि लाल आडवी पट्टी दिसली की ती लांब पल्ल्याची जीआर वाट. या वाटांची आखणी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाली, पहिला टप्पा 1947 मध्ये ओर्लेआंजवळ ल्वारच्या काठानं खुला झाला. नुसती पिवळी पट्टी म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी. त्याच रंगांची फुली दिसली तर ती तुझी वाट नाही, मागे फिरायचं. पळताना नजर पायांकडे असते, त्यामुळे खूण निसटते. पाच मिनिटं एकही खूण दिसली नाही तर पुढे रेटू नकोस, शेवटची खूण दिसली होती तिथवर परत जा. सरकारी जंगलात आणखी एक सोय आहे. जंगलाचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक दिलेले असतात, ते कोपऱ्यांवरच्या झाडांवर लिहिलेले दिसतात आणि आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशासंस्थेच्या 1:25,000 च्या नकाशावर तेच क्रमांक छापलेले असतात. फोनची बॅटरी संपली तरी कागदाचा नकाशा आणि झाडावरचा आकडा एवढ्यावर आपण कुठे आहोत ते कळतं. रांबुयेच्या जंगलात मी याच आधारावर पळायचे.

आता फोंतेनब्लोचं जंगल. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनहून आर मार्गाच्या गाडीनं चाळीसेक मिनिटं, तुझ्या पासात हा प्रवास बसतो. पण मुक्ता, तिथे जाताना इव्हेतचा नियम घरी ठेवून जायचा. त्या एवढ्या मोठ्या अरण्यात वाहतं पाणी जवळपास नाहीच. तीन-सव्वातीन कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्याची बारीक पांढरी वाळू खाली आहे आणि वर वालुकाश्माचे धोंडे. पाऊस पडतो तो वाळूत मुरून जातो. म्हणून उतार धरून तू कुठेच पोचणार नाहीस, एका घळीतून दुसऱ्या घळीत फिरत राहशील. तिथे नकाशा हवा आणि पाणी स्वतःचं हवं, निदान दीड लीटर. उलट याच वाळूमुळे जानेवारीतही वाट कोरडी असते. आपल्या खोऱ्यात गुडघाभर चिखल असेल तेव्हा फोंतेनब्लोला जा.

सुरुवात निळ्या खुणांनी कर. देनकूर नावाचा नेपोलियनच्या सैन्यातला एक जुना शिपाई फोंतेनब्लोत येऊन राहिला आणि 1842 पासून त्यानं स्वतः हिंडून, पदरमोड करून जंगलात वाटा आखल्या, झाडांवर निळे बाण रंगवले. आयुष्याचा उरलेला भाग त्यानं याच कामात घातला. लोकांनी चालत जंगलात यावं म्हणून रंगवलेल्या या खुणा जगातल्या अशा पहिल्या काही खुणांपैकी आहेत. त्यानं उभारलेला मनोरा स्टेशनपासून पळत जाण्याजोग्या अंतरावर आहे, तिथूनच निळी वाट धर. या वाटा सरळ जात नाहीत. देनकूरनं त्या मुद्दाम धोंड्यांच्या फटींतून, कमानींखालून, वळसे घेत नेल्या आहेत. वेग मोजू नकोस, हात वापरावे लागतील. ओल्या वालुकाश्मावर मात्र पाय टाकू नकोस. तो साबणासारखा होतो आणि भिजलेला असताना सहज तुटतोही.

पंचवीस टेकाडांची लाल खुणांची वाट याच जंगलाच्या त्र्वा पिन्यों भागात आहे, सुमारे सतरा किलोमीटरची. एकेक टेकाड छोटंच, पण सतत वाळूत चढ-उतार, पाय भरून येतात. आल्प्समधल्या शर्यतींची तयारी करणारे पॅरिसचे लोक तिथे येतात ते काही उगीच नाही. स्टेशनपासून ती दूर आहे, तेव्हा विद्यापीठाच्या धावकांच्या गटातलं कोणी गाडीनं जात असेल तेव्हा जा.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती दुसरीच वाट. फोंतेनब्लो-आव्हों स्टेशनवर उतरायचं, जंगलातून आग्नेयेला मोरे गावापर्यंत पळायचं. बीच आणि पाइनच्या सावलीत दहा-बारा किलोमीटर एक थेंब पाणी दिसत नाही. आणि मग झाडी संपते तोच समोर ल्वँ नदी, दगडी पूल, पाणचक्क्या, चर्च. सिस्ले हा चित्रकार या गावात राहिला आणि 1899 मध्ये इथेच वारला. हा पूल आणि हे चर्च त्यानं पुन्हा पुन्हा रंगवलं. अंगात बळ असेल तर ल्वँच्या काठानं आणखी दोनेक किलोमीटर सें-मामेसला जा, तिथे ती सीनला मिळते आणि मालवाहू नावा रांगेनं बांधलेल्या असतात. परतीची गाडी मोरेहून मिळते.

थोडं सुरक्षेचं. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम. अंगात भडक नारिंगी किंवा पिवळं घाल आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसली की वाद न घालता दुसरी वाट धर. खासगी मालकीची पाटी असलेल्या रानात शिरू नकोस, 2023 च्या कायद्यानं तो दंडाचा गुन्हा झाला आहे. घरी आल्यावर अंघोळीआधी गुडघ्यामागे, कमरेला, काखेत गोचीड बघ. औषधाच्या दुकानात ती काढायचा छोटा आकडा मिळतो, तो आणून ठेव. चावल्या जागी काही दिवसांनी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अडचण आली तर 112. वाटेत जो भेटेल त्याला ‘बोंजूर’ म्हणायचंच, पॅरिसमध्ये म्हणत नाहीत तरी जंगलात म्हणतात.

सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर रांबुयेच्या बाजूला संध्याकाळी सांबरासारख्या मोठ्या हरणांचे नर हंबरतात. तो आवाज ऐकायला एकदा नक्की जा, पण मैत्रिणीबरोबर, आणि पळत नव्हे. त्या दिवसांत त्यांना बिथरवायचं नाही.

बुटांचे पैसे बाबांनी कालच तुझ्या खात्यावर टाकले आहेत, ते पुस्तकांवर खर्च करू नकोस. एकटी निघशील तेव्हा कुठून कुठे जाणार आणि कोणत्या गाडीनं परतणार एवढं शेजारच्या खोलीतल्या मुलीला सांगून जा, आणि मलाही एक ओळ पाठव. आयजीएनचे दोन नकाशे माझ्या जुन्या खोक्यात सापडले, रांबुये आणि फोंतेनब्लो. माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत त्यांवर. मावशी पुढच्या महिन्यात येते आहे, तिच्याबरोबर देते.

तुझी,
आई