अण्णांच्या पिशवीला आता साबण लावू नकोस

कोल्हापूर,
१४ ऑक्टोबर

प्रिय बाळू,

तू पाठवलेले अण्णांच्या चामडी पिशवीचे पाचही फोटो काल रात्री मोठे करून करून पाहिले. फोनवरही सांगता आलं असतं, पण मी एक वाक्य बोलेपर्यंत तू फडकं ओलं करून कामाला लागतोस, हे मला माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहितोय. पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच पिशवीला हात लाव.

फोटो उघडला आणि मला थेट कुंभार्ली घाट दिसला. अण्णा चिपळूण-कराड गाडीवर कंडक्टर असताना सुट्टीत आपण दोघं त्यांच्या सीटला टेकून उभे राहायचो. वळण आलं की ही पिशवी माझ्या खांद्यावर आदळायची. आत चिल्लर खळखळायची, आणि चामडं, घाम, खोबरेल असा सगळा मिळून एक वास यायचा. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी तुमच्या घरात शिरलं तेव्हा पिशवी माळ्यावर होती म्हणून वाचली. पुरातून वाचलेली वस्तू आता बुरशीने किंवा आपल्या घाईने जायला नको.

आधी साबणाचं सांगतो. पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात तू कपड्याचा साबण घासलास आणि तिथं काळपट, कडक डाग पडला. तुला वाटतंय मळ अजून निघाला नाही, अजून घासायला हवं. नाही रे, तो डाग साबणाचाच आहे. चामडं मुळात थोडं आम्लधर्मी असतं आणि कपड्याचा साबण चांगलाच क्षारधर्मी. आपल्याकडचं जुन्या पद्धतीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. त्याला क्षार लागला की सालीतलं टॅनिन सुटायला लागतं आणि काळवंडतं. चामड्यातलं तेलही निघून जातं, म्हणून वाळल्यावर ते ताठ होतं. जितकं घासशील तितकं वाढेल.

हा अनुभव मी घेतलाय. पुतणीच्या हळदीला माझ्या नव्या कोऱ्या कोल्हापुरीच्या पट्ट्यावर ओली हळद सांडली. घाईघाईत साबणाचं पाणी लावलं आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार. मग एक कप पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून कापसाने टिपत राहिलो, तेव्हा लाली उतरून पुन्हा पिवळं झालं. उरलेला पिवळेपणा उन्हाने नेला. हळदीच्या रंगाला उजेड सोसत नाही. रोज सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास चप्पल ठेवायची आणि उचलून आत आणायची, असं पंधरा दिवस केलं. दुपारच्या उन्हात ठेवली असती तर हळद गेली असती, पण पट्टा तडकला असता.

आता पिशवी. तळाशी, जिथं कुणाला दिसणार नाही अशा जागी, पाण्याचा एकच थेंब टाक. थेंब आत मुरला आणि जागा गडद झाली, तर ते उघडं, सालीत कमावलेलं चामडं. थेंब मण्यासारखा वरच राहिला, तर वर रंगाचा किंवा लाखेचा थर आहे आणि काम सोपं आहे. माझा अंदाज पहिलाच आहे.

मग तो पांढरा थर. त्याला सरसकट बुरशी म्हणू नकोस. फोटोत दोन तऱ्हा दिसतात. पट्ट्याच्या मागे केसाळ, हिरवट ठिपके आहेत, ती बुरशीच. पण झाकणाच्या कडेला जी पांढरी, मेणासारखी पूड दिसते ती वेगळी वाटते. अण्णा दर दिवाळीला पिशवीला खोबरेल पाजायचे, आठवतंय? असलं तेल वर्षानुवर्षं साठलं की त्यातला स्निग्ध भाग हळूहळू वर येऊन पांढरा थिजतो. वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर घे आणि वीतभर लांबून मंद गरम हवा मार. पूड विरघळून दिसेनाशी झाली तर ती चरबी, कोरड्या मऊ कापडाने पुसून घे. तशीच राहिली तर बुरशी.

बुरशीचं काम घरात करू नकोस. अंगणात जा, तोंडाला रुमाल बांध. मऊ ब्रशने कोरडंच झटक. ओलं फडकं फिरवलंस तर ती चामड्यात चोळली जाईल. तो ब्रश पुन्हा कशाला वापरायचा नाही. मग औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणि पाणी निम्मं निम्मं करून कापड जेमतेम ओलसर कर आणि पट्टा पूस. तेही आधी तळाशी करून बघ, रंग कापडावर उतरला तर थांब. नंतर दोन दिवस सावलीत, पंख्याखाली.

पण झाकणाच्या आतल्या बाजूला स्पिरिटही नको आणि पाणीही नको. बाळू, हे नीट वाच. चौथ्या फोटोत झाकण उघडं आहे आणि वरच्या शिवणीखाली बारीक करड्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं आहे. मी ते मोठं करून पाहिलं. ते अण्णांचं अक्षर आहे, बिल्ला नंबर आणि पुढे "चिपळूण". अण्णांच्या कानामागे जी पेन्सिल असायची, जिचं टोक ते जिभेला लावायचे आणि ओठ जांभळे व्हायचे, त्याच पेन्सिलीने लिहिलंय. त्या पेन्सिलीच्या शिशात शाईचा रंग कालवलेला असतो. कोरडी असते तोवर साधी करडी दिसते, ओल लागली की जांभळी होऊन पसरते. स्पिरिटमध्ये तर ती लगेच विरघळेल. ती दोन बोटांची जागा रंगवायच्या कोरड्या ब्रशने झटकायची, बाकी काही करायचं नाही. तुला ते मळाचे ओरखडे वाटले असतील म्हणून एवढं बजावतोय.

तुझ्या साबणाच्या डागावर उपाय आहे. नुसत्या डागावर पाणी लावलंस तर वाळल्यावर कडेला नवी रेघ उमटेल. म्हणून पुढचा तेवढा एक तुकडा, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत, सारखा ओलसर करायचा. स्वच्छ पाण्यात पिळून काढलेलं पांढरं सुती कापड, हलक्या हाताने, दोनतीनदा. साबणाचा बुळबुळीतपणा गेला की मघाचंच व्हिनेगरचं पाणी एकदा फिरव. आत कोरे कागद भर म्हणजे आकार जाणार नाही. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. डाग पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. निम्म्याने नक्की उतरेल आणि तेल लावल्यावर बाकीच्यात मिसळून जाईल.

रिबिटांभोवती जी काळी वर्तुळं आहेत त्याचं कारण लोखंड. लोखंड, ओल आणि सालीतलं टॅनिन एकत्र आलं की शाई तयार होते. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस उकळूनही काळी शाई करायचे, आणि हिराकस म्हणजे लोखंडाचंच मीठ. तीच क्रिया रिबिटाशेजारी आपोआप झालीय. लिंबाचा रस काडीच्या कापसाने टिपला की ती फिकी होतात, लगेच साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. मी मात्र ती तशीच ठेवीन. पितळी बकलाभोवतीचं हिरवं, चिकट किटण काढच. पितळातलं तांबं आणि चामड्यातलं तेल मिळून ते होतं आणि चामडं खात जातं. दात कोरायच्या लाकडी काडीने उकरून कोरड्या कापडाने पूस. पितळ चकचकीत करायला चिंच किंवा पितांबरी अजिबात लावू नकोस, ती चामड्यात उतरेल आणि परत निघणार नाही.

हे सगळं होऊन पिशवी पूर्ण वाळली की तेल. खोबरेल नको, त्याचा परिणाम बघतोच आहेस. थंडीत ते थिजतंही. एरंडेल घे. तळहातावर चारपाच थेंब, हात चोळून गरम कर आणि मऊ कापडाने पातळ, अगदी पातळ लाव. एक दिवस थांब. चामडं अजून तहानलेलं वाटलं तरच पुन्हा. एकदम भरपूर पाजलंस तर पिशवी काळी पडेल, धूळ धरेल आणि पावसाळ्यात पुन्हा बुरशीला खाद्य होईल.

जवाहरनगरात एका चर्मकार मित्राच्या दुकानात मी संध्याकाळी बसतो, तुला माहीत आहे. यातलं निम्मं शाळेतल्या रसायनशास्त्राने शिकवलं असलं, तरी उरलेलं निम्मं त्याच्या रापी-आरीशेजारी बसून समजलं. २०१९ च्या पुरात माझ्या दोन जोड्या पंचगंगेच्या गाळात गेल्या. एक मी आणली तशी गरम पत्र्यावर वाळत घातली. दुसरी त्याने माझ्या हातातून घेतली, स्वच्छ पाण्यात गाळ धुतला, आत कापडाचे बोळे भरले आणि दुकानात फळीखाली, उन्हाबाहेर, आठ दिवस ठेवली. पत्र्यावरची पापडासारखी वळली आणि अंगठा धरून ओढल्यावर मोडली. ओल्या चामड्याला जास्त उष्णता लागली की ते आतून शिजतं आणि मग कुठलंही तेल त्याला मऊ करू शकत नाही. त्याने वाळवलेली जोडी आजही माझ्या पायात आहे. २०१९ सालीच कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. चांगलं झालं. पण घेणाऱ्याने ती वापरायची कशी, वाळवायची कशी, हे चार शब्द तिच्यासोबत कुणी देत नाही, आणि दोन पावसात चप्पल गेली की दोष करणाऱ्या हातांना येतो. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या लेकीच्या बुटांचं विचारलं होतंस. ते स्वेडचे आहेत, त्यांना यातलं काहीच लागू नाही. स्वेड म्हणजे चामड्याची आतली बाजू, खरवडून लव उभी केलेली. पॉलिश किंवा तेल लावलं की लव चिकटून बसते आणि बूट कायमचा टकला दिसतो. वड्याचं तेल सांडलंय ना? पाणी लावायचं नाही. टिपकागदाने दाबून तेल ओढून घे, मग डागावर कॉर्नफ्लोअरचा जाड थर देऊन रात्रभर ठेव. सकाळी झटक आणि पीठ तेलकट झालं असेल तर पुन्हा नवं टाक. तीनदा लागेल, चारदाही लागेल. नंतर शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच घास आणि दात घासायच्या मऊ ब्रशने लव उभी कर. लव दबलेलीच राहिली तर किटलीच्या वाफेवर क्षणभर धर, ओलं होऊ देऊ नकोस, आणि लगेच ब्रश मार. टाचेवरचा चिखल मात्र ओला असताना हात लावू नका, पूर्ण वाळला की निम्मा आपोआप गळतो.

वहिनींच्या पर्सचे पापुद्रे निघताहेत ते चामडं नव्हे, कापडावर चढवलेलं प्लास्टिक आहे. आपल्या दमट हवेत ते असंच सुटतं आणि त्याला इलाज नाही. त्यावर पैसे घालवू नका.

पिशवी झाली की पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नकोस. हवेत सत्तर टक्क्यांच्या वर ओल गेली की बुरशी धरते आणि चिपळुणात जून ते सप्टेंबर ती त्याखाली क्वचितच येते. जुन्या सुती साडीत गुंडाळ आणि घरात वारा खेळतो अशा खोलीत ठेव. त्याहून बरं म्हणजे खुंटीला टांग, डोळ्यांसमोर राहील. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसलीस तरी पुष्कळ.

आणखी एक. झाकणाच्या उजव्या कडेला चार बोटांएवढा गडद, गुळगुळीत पट्टा आहे. तो काढायला तू काय वापरू, असं विचारलंस. काही वापरू नकोस. अण्णा पैसे देताना-घेताना डाव्या हाताने तिकिटं धरायचे आणि उजव्या हाताने तीच कड उचलायचे, रोज शेकडो वेळा. तो त्यांच्या हाताच्या तेलाने झालेला आहे. फडकं फिरवताना तेवढी जागा सोड.

खांद्याच्या पट्ट्याची शिवण सुटलीय, ती मात्र घरी सुईदोऱ्याने ओढू नकोस, जुनी भोकं फाटतील. दिवाळीत येशील तेव्हा पिशवी घेऊन ये, आपण जवाहरनगरात जाऊन मेण लावलेल्या दोऱ्याने जुन्याच भोकांतून शिवून घेऊ. आणि आतल्या लहान कप्प्यात कागदाचे तुकडे चिकटलेत म्हणालास, ते नखाने ओढू नकोस. तिकिटं असतील तर मला ती चामड्यासकट बघायची आहेत.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
मास्तर