लॉकडाऊनमध्ये नवराबायकोचं काय झालं हे कुणी विचारलंच नाही

मा. संपादक, स. न. वि. वि.

लॉकडाऊनला ५ वर्षं झाली तेव्हा सगळीकडे आठवणी छापून आल्या, चालत गावी गेलेले मजूर, थाळ्या, नंतरचे ऑक्सिजनचे हाल, सगळं वाचलं आणि वाचताना घसा दाटून आला. पण एक विषय कुठेच दिसला नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मी डोंबिवली पूर्वेला मेडिकल चालवते, मी आणि मिस्टर दोघंही फार्मसी केलेले, त्या काळात आम्ही एक दिवस शटर पाडलं नाही, त्यामुळे लोकांच्या घरात काय चाललंय ते काउंटरवरून दिसत होतं. नवराबायकोचे संबंध, गर्भनिरोधन, नको असताना राहिलेले दिवस, याचे जे हाल झाले ते मी बघितलेत.

आधी आमच्या दुकानातून निरोध फार जायचे नाहीत. आपल्याकडे माणूस स्वतःच्या गल्लीत घेतच नाही, ऑफिसवरून येताना दादरला नाहीतर ठाण्याला स्टेशनबाहेर घेतो, तिथे कुणी ओळखत नाही. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली आणि हे अनोळखी दुकानच गेलं. आमच्यासमोर चुन्याने गोल आखलेले, काउंटरला नायलॉनची दोरी बांधलेली. एक मुलगा आला, नवीन लग्न झालेला, मागच्या गोलात त्याच्या सोसायटीचे काका उभे. त्याने क्रोसिन घेतली आणि गेला. थोड्या वेळाने परत आला, ओआरएस घेतलं, परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काही न विचारता पाकीट कागदात गुंडाळून ओआरएसबरोबर पिशवीत टाकलं, त्याने मान वर न करता पैसे दिले. त्या दिवसापासून आम्ही दुकानाचा व्हॉट्सअॅप नंबर बाहेर मोठ्या अक्षरात लावला, काय हवं ते लिहून पाठवा, पिशवी बांधून तयार ठेवतो. आणि संपादक साहेब, मेसेजवर मेसेज यायला लागले. ज्यांना आम्ही १५ वर्षं ओळखतो त्यांनी पहिल्यांदा मागितलं.

मालाचीही ओढाताण होती. मलेशियातली कॅरेक्स ही जगातली सगळ्यात मोठी निरोध बनवणारी कंपनी, जगातला पाचातला एक निरोध तिचा, तिचे कारखाने मार्चमध्ये दहाएक दिवस बंद होते. आमचा होलसेलवाला रोज वेगळं कारण सांगायचा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, गर्भ टाळायची गोळी हवी असते आणि गाडीच येत नाही, मग त्या ७२ तासांचं काय करायचं? गावाकडे आणि वस्तीत निरोध आणि माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या आशाताई घरपोच द्यायच्या, त्यांना कोविडच्या सर्वेला लावलं, हातात थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर दिला. त्यांनी जीव धोक्यात घालून काम केलं, त्यांच्याबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही, पण त्यांचं आधीचं काम कोण करणार हे कुणी ठरवलंच नव्हतं.

व्हॉट्सअॅपवर तेव्हा जोक फिरत होते की नऊ महिन्यांनी बघा कशा बारशांच्या रांगा लागतात. मला ते कधीच आवडले नाहीत, कारण माझ्यासमोर बायका येत होत्या त्यांची परिस्थिती वेगळी होती. आमच्याकडच्या चाळीतल्या खोल्या दहा बाय बारा, त्यात सासूसासरे, दोन मुलं. अशा घरात एकांत हा जागेचा नसतो, वेळेचा असतो. मुलं शाळेत गेली, सासूबाई देवळात गेल्या, नवऱ्याची सेकंड शिफ्ट असली तर सकाळचे दोन तास, मे महिन्यात सगळे गावी गेले की काही दिवस, एवढाच काय तो. लॉकडाऊनने तो वेळच काढून घेतला, २४ तास सहा माणसं एका खोलीत. एका बाईने मला सांगितलं की आम्ही चार महिने एकमेकांशी नीट बोललोसुद्धा नाही, बाकीचं तर सोडाच. दुसरीचा नवरा सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय, तो भीतीने बाहेर पॅसेजमध्ये झोपायचा, जेवणाचं ताट ती उंबऱ्यापाशी ठेवायची. साथ ओसरली तरी त्यांच्यातलं ते अंतर गेलं नाही असं ती म्हणते. कामं गेली, पगार अर्धे झाले, त्याचाही परिणाम होतोच, चाळिशीतले पुरुष ताठरतेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागायला यायचे, त्यांना डॉक्टरकडे जा म्हटलं की तोंड पडायचं. कोविड होऊन गेलेल्या पुरुषांमध्ये हा त्रास जास्त दिसतो असं इटलीतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडलं, पण इथे हे कुणी कुणाला सांगितलं?

आणि जिथे बाईला नको म्हणायची सोय नव्हती तिथे काय झालं असेल. राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० ला घरातल्या अत्याचारासाठी वेगळा व्हॉट्सअॅप नंबर सुरू केला, कारण त्याच खोलीत नवरा बसलेला असताना बाई फोनवर बोलणार कशी. एक जण माझ्याकडे नवऱ्याला कळणार नाही असं काही आहे का विचारायला आली होती. तीन महिने गर्भ राहू न देणारं अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण जवळचा दवाखाना कोविडसाठी घेतलेला.

सगळ्यात जास्त जिचं मनाला लागलं तिची गोष्ट लिहिते. मे महिन्यात आली, पाळी चुकून तीन आठवडे झालेले, आधीची दोन मुलं, नवऱ्याची कंपनी बंद. गर्भपाताच्या गोळ्या मागत होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि देऊही नयेत, रक्तस्राव वाढला तर जीवावर बेततं. त्या गोळ्या ९ आठवड्यांच्या आतच चालतात. तिला एका खाजगी नर्सिंग होमने आधी कोविडचा रिपोर्ट आणा म्हणून सांगितलं, तेव्हा टेस्टचा दर ४५०० रुपये होता, जूनमध्ये राज्य सरकारने २२०० वर आणला. दुसरीकडे सोनोग्राफीवाला बंद. असं करत करत दिवस वर गेले, मग घरचे म्हणाले आता राहू दे. आणि केंद्राच्या आरोग्य खात्याने १४ एप्रिललाच पत्र काढलेलं होतं की गर्भपाताची सेवा अत्यावश्यक आहे, चालू ठेवा! ते पत्र तिच्यापर्यंत सोडा, माझ्यापर्यंतसुद्धा आलं नाही. सुरक्षित गर्भपातासाठी काम करणाऱ्या आयपास डेव्हलपमेंट फाउंडेशन या संस्थेने काढलेल्या अंदाजानुसार पहिल्या तीन महिन्यांतच देशातल्या साडेअठरा लाख बायकांचे गर्भपात अडले किंवा लांबले.

बाहेर बघा, न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने मार्च २०२० मध्येच कोविड आणि शरीरसंबंध यावर सरळ शब्दात पत्रक काढलं, कुणाबरोबर ठेवा, कधी टाळा, निरोध वापरा. आपल्याकडे फोन लावला की खोकला ऐकू यायचा आणि हात धुवा. हात धुवायला सांगितलं ते बरोबरच होतं, पण मोठ्या माणसांना एवढंच सांगायचं असतं का? सॅनिटरी पॅडसुद्धा अत्यावश्यक आहेत हे २९ मार्चला वेगळं सांगावं लागलं.

म्हणून माझी मागणी अशी आहे की पुढे कधी साथ आली, पूर आला, काहीही बंद करायची वेळ आली, तर धान्याच्या किटमध्ये निरोध आणि गोळ्या असाव्यात, न मागता. आशाताईंना दुसरं काम दिलं तर त्यांचं हे काम त्याच आदेशात दुसऱ्या कुणाला तरी लावून द्यावं. गर्भपात कुठे होतो त्या केंद्रांची यादी मराठीत प्रत्येक मेडिकलच्या दारावर लावू द्यावी, आम्ही लावू, आमचं दुकान तर उघडंच असतं. आणि आपल्या पेपरातल्या आरोग्याच्या पानावर या विषयाला महिन्यातून एकदा तरी जागा द्या, डॉक्टरांना लिहायला सांगा.

त्या बाईला जानेवारीत मुलगा झाला. आता ज्युनिअर केजीत आहे, गोड आहे, तिचा जीव आहे त्याच्यावर. हे पत्र लिहायच्या आधी तिला विचारलं, लिहू का. म्हणाली लिहा, नाव नको. मग जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, ताई, तेव्हा नुसतं कुठे जायचं एवढं जरी कुणी सांगितलं असतं ना, मी कल्याणपर्यंत चालत गेले असते.

आपली,
एक औषध विक्रेती, डोंबिवली पूर्व
(कृपया नाव छापू नये)