ग्रुपमधल्या सगळ्यांसाठी: आपापले शूज एकदा नीट बघा

मंडळी, रेसच्या तयारीत लांब रन वाढत चाललेत, तेव्हा या आठवड्यात प्रत्येकाने आपले रनिंग शूज तपासून घ्या प्लीज. साधारण ५०० ते ८०० किमी झाले की बहुतेक शूज संपतात, वजन जास्त असेल किंवा कायम डांबरी रस्त्यावर पळत असाल तर त्याआधीच. वरून नवे दिसतात म्हणून फसू नका, खालचं रबर शाबूत असलं तरी मधला फोम दबून मेलेला असतो आणि धक्का सगळा गुडघ्यावर येतो. शूज टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला कललेली दिसली किंवा फोमवर बाजूने आडव्या सुरकुत्या असल्या तर बदलायची वेळ झाली. काही कारण नसताना नडगी, पोटरी दुखायला लागली असेल तरी आधी शूजवरच संशय घ्या.

आणि हो, रेसच्या दिवशी कोरे शूज अजिबात नकोत, दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि छोट्या रनला घालून रुळू द्या. जुने चालायला वापरा हवं तर, पण पळायला नको. कुणाला शंका असेल तर रविवारी शूज घेऊन या, एकत्र बघू.